सासूबाईंची कलंडलेली अँटेना

त्या शनिवारी मी छपरावर चढलो तो फक्त पन्हळीतली पानं काढायला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे गावात माझ्या हेतूबद्दल बरंच काही बोललं गेलं. माझा हेतू पानांपुरताच होता. निलगिरीची पानं ओंजळी ओंजळीने खाली टाकली, कमरेवर हात ठेवून सरळ उभा राहिलो आणि समोर अँटेना दिसली. कलंडलेली!

कलंडलेली म्हणजे पडलेली नव्हे. दांडा ताठ होता. पण दांड्यावरचा काड्यांचा सांगाडा कुशीवर झोपला होता. सभ्य अँटेनेच्या काड्या आडव्या असतात, हिच्या उभ्या. माझं सगळं आयुष्य मेलबर्नला ट्रामच्या कचेरीत गेलं, आणि माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून छपरांखेरीज काही दिसत नसे, त्यामुळे अँटेनांच्या बाबतीत मला थोडंफार कळतं असा माझा समज होता. (समज अजून आहे. फक्त मी तो घरात बोलून दाखवत नाही.) शिवाय वाकडी वस्तू मला सोसत नाही. दाताच्या डॉक्टरकडे भूल चढेपर्यंत गप्प बसायचं असतं, तर मी तेवढ्यात उठून त्यांच्या भिंतीवरची तसबीर सरळ करून येतो.

"मर्व, पानं काढतोयस की अंडी उबवतोयस?" खालून नोलीन ओरडली. नोलीन म्हणजे माझी बायको.

"अँटेना वाकडी झालीये!"

"ती तशीच असते."

"तशीच म्हणजे?"

"तशीच म्हणजे तशीच! मी शाळेत होते तेव्हाही तशीच होती. उतर आता, चहा गार होतोय."

म्हणजे इतकी वर्षं ती बिचारी तशीच कलंडून पडली होती आणि गावातल्या एकालाही वर बघावंसं वाटलं नव्हतं! मी मान वळवून पाहिलं तर शेजारचीही तशीच, त्याच्या शेजारचीही तशीच. मेरिजिल हे गाव डोंगरांच्या खोबणीत आहे, वारा घुसला की बाहेर पडायला त्याला वाट सापडत नाही. कधीतरी एका वादळाने सगळ्यांच्या अँटेना एका दमात कलंडवल्या असणार, आणि एकाने सरळ केली नाही म्हणून दुसऱ्यानेही केली नसणार. मी खिशातून पाना काढला, दोन नट ढिले केले, सांगाडा फिरवला आणि पुन्हा आवळला. काड्या छान आडव्या झाल्या. डोळे निवले.

खाली येऊन टीव्ही लावला. चित्र स्वच्छ. मला तर आधीपेक्षा उजळच वाटलं. नोलीन म्हणाली, तसंच आहे. पण तिला माझं कौतुक करायची सवय नाही, त्यामुळे तिचं मत मी धरलं नाही.

इथे आमच्या घराची जागा सांगायला हवी. पाण्याच्या टाकीची जी टेकडी आहे, तिच्यावर गावाचा स्वतःचा छोटा टीव्ही टॉवर आहे, कारण मोठ्या शहराचा टॉवर डोंगराआड पडतो. आमचं घर त्या टेकडीच्या पायथ्याशी. कपडे वाळत घालताना टॉवर दिसतो. सासूबाईंचं घर मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्याच्या वळणावर, खोलात. तेव्हा मला यात काही विशेष दिसलं नाही. आता दिसतं.

आता सासूबाई. नाव डल्सी. वय विचारायची सोय नाही. मी निवृत्त झालो आणि आम्ही नोलीनच्या माहेरगावी राहायला आलो, तेव्हा मी घरजावई नसलो तरी गावजावई झालो आणि गावजावयाची किंमत एका सासूऐवजी सगळं गाव ठरवतं. डल्सीचं माझ्याबद्दलचं मत लग्नाच्या दिवशी ठरलं आणि त्यानंतर तिला ते बदलावंसं वाटेल असं माझ्या हातून काही घडलं नाही. तिने मला कधी वाईट म्हटलं नाही हं. कुणी विचारलं तर ती म्हणे, "मर्विन ना? हो, असतो तो." बस, एवढंच. आणि त्यात भर म्हणजे मी पॉसम्सचा पाठीराखा.

आमच्याकडे माणसाचा धर्म विचारत नाहीत, तो फूटीच्या, म्हणजे आमच्याकडच्या फुटबॉलच्या, कुठल्या संघाचा ते विचारतात. डल्सी हेरन्सची. नुसती पाठीराखी नव्हे. तिची अशी ठाम श्रद्धा की ती आपल्या घरात, आपल्या खुर्चीत, आपलं निळं पांघरूण गुडघ्यांवर घेऊन टीव्हीवर सामना बघते तेव्हाच हेरन्स जिंकतात. बहिणीकडे बसून पाहिला, हरले. इस्पितळात पाहिला, हरले. रेडिओवर ऐकला, तर असे हरले की तिने रेडिओच भाचीला देऊन टाकला. या वर्षी तिने एकही सामना चुकवला नव्हता, आणि हेरन्स ग्रँड फायनलमध्ये पोचले होते. ती नवी नवरी होती तेव्हा ते एकदा जिंकले होते, त्यानंतर नाहीच. आणि समोर कोण? पॉसम्स!

त्या आठवड्यात मला एक चांगला विचार सुचला. (चांगले विचार मला क्वचित सुचतात, आणि सुचले की नोलीन घरातली शिडी लपवते. पण या वेळची शिडी दुसऱ्याची होती.) डल्सीची अँटेनाही कलंडलेली होती. तिला न सांगता ती सरळ करून टाकायची. मोठ्या दिवसाआधी जावयाकडून भेट. रविवारी, सगळं पार पडल्यावर, सहज म्हणायचं, "चित्र कसं होतं, डल्सी? नाही, आपलं विचारलं."

गुरुवारी दुपारी ती लॉन बोल्स, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ, खेळायला जाते. मी तिच्या शेजारच्या बार्नी क्विर्ककडे शिडी मागितली. बार्नी पूर्वी मेंढ्यांची लोकर कातरायचा, आता ओसरीवर बसून येणारे-जाणारे पाहतो. त्याला फूटीचं सोयरसुतक नाही, तो फक्त कुत्र्यांच्या शर्यती बघतो. बोलणं बेताचं.

"कशाला हवीये शिडी?"

"डल्सीची अँटेना सरळ करायचीये."

बार्नीने माझ्याकडे पाहिलं. मग अँटेनेकडे. मग पुन्हा माझ्याकडे, जरा जास्त वेळ.

"असं म्हणतोस?"

"हो. आणि तिला सांगू नकोस हं. गंमत आहे."

"असं म्हणतोस!" तो म्हणाला, आणि शिडी आणून दिली. वर शिडीचा पायही धरला.

वसंत ऋतू, म्हणजे मॅगपाय पक्ष्यांच्या घरट्यांचे दिवस. हा काळा-पांढरा पक्षी एरवी गुणी, पण पिल्लं झाली की माणसाच्या टाळूवर झेप घेतो. त्यावर आमच्याकडे उपाय असा, की डोक्यावर आइस्क्रीमचा रिकामा डबा उलटा घालायचा आणि त्याच्या मागच्या बाजूला दोन मोठे डोळे काढायचे, म्हणजे पक्ष्याला वाटतं हा आपल्याकडेच बघतोय. मी तसा डबा घालून चढलो. पक्षी डोळ्यांना भ्याला नाही. तो पुढून आला. तशा स्थितीत, एका हाताने डबा आणि दुसऱ्याने पाना सांभाळत, मी सासूबाईंची अँटेना सरळ केली. जावई म्हणून याहून कुणी काय करायचं?

संध्याकाळी फोन वाजला.

"मर्विन, माझा टीव्ही गेला."

"गेला म्हणजे कुठे?"

"कुठे जाईल, मेल्या! निळा पडदा आलाय. सिग्नल नाही म्हणतोय. परवा फायनल आहे."

मी म्हटलं घाबरू नका, आत्ता येतो. आणि खरं सांगतो, माझ्या मनात अँटेनेचा विचार आलाच नाही. यायचा कसा? आमचीही मी सरळ केली होती आणि आमचा टीव्ही ठणठणीत होता. म्हणजे सरळ करण्याने टीव्ही जात नाही हे सिद्ध झालं होतं. ट्रामच्या कचेरीत आम्ही याहून कमी पुराव्यावर माणसांच्या बदल्या केल्या आहेत.

मी रिमोट दाबला, वायर उपटून पुन्हा खोचली, टीव्हीला पाठीवर थापट्या मारल्या. डल्सी तिच्या खुर्चीत पांघरूण घेऊन बसली होती आणि निळ्या पडद्याकडे बघत होती. एरवी ती मला काही ना काही बोलली असती. त्या दिवशी हळूच एवढंच म्हणाली, "हा सामना बघायला रॉन असायला हवा होता." रॉन म्हणजे माझे सासरे, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मला फार वाईट वाटलं. पॉसम्स जिंकावेत असं वाटत होतं, हे खरं, पण ते डल्सीच्या डोळ्यांदेखत जिंकावेत अशी माझी इच्छा होती.

"काकाकुवे!" मी एकदम म्हणालो. "त्यांनी वायर कुरतडली असणार."

हे आमच्याकडे घडतं. पांढऱ्या काकाकुव्यांचा थवा छपरावर उतरला की वायर, रबर, खिडकीची चौकट, काही सोडत नाही. शुक्रवारी सुट्टी होती (फायनलच्या आदल्या दिवशी सगळं राज्य सुट्टी घेतं, दुसऱ्या दिवशी बसून ओरडायचं असतं म्हणून). अँटेनेवाल्याला फोन केला, तो म्हणाला मंगळवारी बघू. हार्डवेअरचं दुकान तेवढं अर्धा दिवस उघडं होतं. मी नवी वायर आणली, डबा घालून छपरावर चढलो आणि सगळी वायर बदलली. जुनीला एकही दात लागलेला नव्हता. वर अँटेना कशी सुरेख आडवी होती! या घरातलं एवढं एक तरी धड आहे म्हणून मला बरं वाटलं.

"आलं का?" मी वरून ओरडलो.

"नाही!" आतून नोलीन.

"आता?"

"नाही!"

"आता?"

"आता तू काय केलंस?"

"काही नाही, नुसतं विचारलं!"

बार्नी ओसरीवरून बघत होता. मी त्याला म्हटलं, वायरही बदलली, तरी येत नाही, काय करावं? तो म्हणाला, "असं म्हणतोस?" आणि चक्क डोळा मारला. मला वाटलं डोळ्यात चिलट गेलं असेल.

मग मी सिग्नल वाढवणारी एक पेटी आणून बसवली. तिचा हिरवा दिवा लागला, बाकी काही झालं नाही. मग बार्नीच्या ट्रेलरवर आमचा टीव्ही घालून डल्सीकडे नेला. तो तिच्याकडे येईपर्यंत बरा होता, तिच्याकडे आल्यावर निळा. परत घरी नेला, पुन्हा बरा. नोलीन म्हणाली, "मर्व, आता हात लावू नकोस कशाला. मम आपल्याकडे येईल." (मम म्हणजे आई.)

"मी येणार नाही," डल्सी म्हणाली. "मी आले की ते हरतात."

"पण मम, न बघण्यापेक्षा..."

"न बघितलं तर हरतातच. दुसऱ्याकडे बघितलं तरी हरतात. आणि हे तर पॉसम्सवाल्याचं घर!" तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी डोक्यावरचा डबा काढून हातात घेतला.

शेवटी नोलीनने युक्ती काढली. मम घरात नसली तर घर ममकडे आणायचं. म्हणजे तिची खुर्ची, पांघरूण, पायाखालचं स्टूल, कोपऱ्यातला दिवा आणि कधीचं बंद पडलेलं घड्याळ, सगळं आमच्या दिवाणखान्यात जसंच्या तसं मांडायचं. हेरन्सना काय कळणार आहे? डल्सीने बराच विचार केला, आणि अटी घातल्या. खिडकी तिच्या डाव्या हाताला हवी. कपबशी तिचीच हवी. आणि मी तिला दिसता कामा नये.

शनिवारी सकाळी बार्नी आणि मी तिचा दिवाणखाना ट्रेलरवर चढवला. गावातून जाताना लोक थांबून बघत होते. एकीने तर डोक्यावरची टोपी काढली, तिला वाटलं डल्सी गेली. (डल्सी पुढच्या सीटवर बसून तिला हात करत होती.) आमची खिडकी उजवीकडे होती म्हणून आमचा सोफा बाहेर हिरवळीवर गेला, टीव्ही समोरच्या भिंतीला आला, आणि माझी जागा ठरली स्वयंपाकघराच्या दारात, खुर्चीच्या बरोबर मागे. तिथून मला पडद्याचा वरचा अर्धा भाग दिसत होता. फूटीत बराचसा खेळ वरच्या अर्ध्या भागात असतो अशी मी मनाची समजूत घातली.

दुपारी सामना सुरू झाला. शेजारपाजारचे आठ-दहा लोक जमले, सॉसेज रोल आले, नोलीनने पाव्हलोव्हा हा अंड्याच्या फेसाचा गोड केक केला होता. खिशात माझा पॉसम्सचा मफलर होता, तो मी खिशातच मुठीत धरून बसलो. पहिलं सत्र नीट गेलं. दुसऱ्यात वारा सुटला आणि पडद्यावर मधूनच चौकोन दिसायला लागले. खेळाडूचं डोकं एका चौकोनात, पाय दुसऱ्यात. मग नोलीनच्या लक्षात आलं की फ्रीज सुरू झाला की चित्र थिजतं. फ्रीज बंद केला. बिअर कोमट झाली. मग कुणीतरी म्हणालं, दिवा लावला की थिजतं. दिवा घालवला. पंखा बंद. किटली बंद. तासाभरात आमच्या घरात टीव्हीशिवाय विजेवर काही चालत नव्हतं आणि आम्ही सगळे श्वासही जपून घेत होतो.

"माझ्याकडे कधी असं होत नसे," डल्सी पडद्यावरून डोळे न काढता म्हणाली.

शेवटच्या सत्रात पॉसम्स पाच गुणांनी पुढे. वेळ संपत आलेली. हेरन्सच्या एका पोराने चेंडू झेलला, तोही अगदी खांबांच्या समोर, म्हणजे आता त्याला कुणी न अडवता लाथ मारायला मिळणार. गोल झाला तर सहा गुण. सगळं घर उठून उभं राहिलं. डल्सी बसूनच होती, पांघरूण दोन्ही मुठीत. पोराने मोजे वर ओढले, चार पावलं मागे गेला...

आणि चित्र थिजलं. पोरगा एका पायावर, चेंडूचे सोळा तुकडे.

"मर्विन!" डल्सी ओरडली. माझ्या नावात एवढा जीव आहे हे मला माहीत नव्हतं. "छपरावर जा!"

मी धावलो. डबा घालायलाही थांबलो नाही. बार्नी शिडी लावून खाली आधीच उभा होता, जणू माझीच वाट बघत होता. मी वर पोचलो, दांडा धरला, हलवला.

"आलं का?"

"नाही!" आतून दहा आवाज.

"आता?"

"नाही! लवकर!"

"बार्नी," मी रडवेला होऊन म्हणालो, "काय करू रे?"

बार्नीने टोपी मागे सारली. "हे बघ गड्या, दुसऱ्याच्या डावात मी नाक खुपसत नाही. पण म्हातारीने बघावं असं खरंच वाटत असेल, तर पहिल्यासारखी कर ना ती."

"पहिल्यासारखी म्हणजे? वाकडी?"

"वाकडी कसली! टेकडीवरच्या टॉवरच्या काड्या उभ्या आहेत, म्हणून सगळ्या गावाच्या उभ्या. तुझं घर टॉवरच्या काखेत आहे म्हणून आडवीलाही थोडंफार मिळतं. खाली ओढ्यावर काय मिळणार? जसं काही तुला ठाऊकच नाही!"

मी टेकडीकडे पाहिलं. कपडे वाळत घालताना रोज दिसणाऱ्या त्या टॉवरवर काड्या होत्या, आणि एकूण एक उभ्या. पण विचार करायला वेळ नव्हता. मी नट ढिला केला आणि सांगाडा फिरवून कुशीवर निजवला.

खालून अशी आरोळी आली की मॅगपाय घरटं सोडून उडाला. मैदानावर मध्येच कुणी पडलं म्हणून पंचांनी लाथ थांबवून धरली होती म्हणे, त्यामुळे चित्र परत आलं ते आरशासारखं, आणि चेंडू तेव्हाच हवेत होता. डल्सीने तो डोळ्यांनी खांबांमधून जाताना पाहिला. मी पाहिला नाही. मी छपरावर बसून माझा संघ ग्रँड फायनल हरला हे सासूच्या हसण्यावरून ओळखलं.

मी खाली उतरलो तेव्हा घरात नाच चालला होता. डल्सी रडत होती, हसत होती, रॉनचं नाव घेत होती. तिला बघून माझेही डोळे भरून आले, पॉसम्स हरले असूनही. इतक्यात बार्नीने, आयुष्यात दुसऱ्यांदाच बहुधा, एका दमात पाच वाक्यं बोलायचं ठरवलं.

"गडी बेरका हो तुमचा जावई! गुरुवारी तुम्ही बोल्सला गेलात, तेव्हा याने छपरावर चढून तुमची अँटेना आडवी केली. मला म्हणाला, तिला सांगू नको, गंमत आहे. मग दोन दिवस वायर बदलायचं नाटक! मी शिडी धरून हसतोय नुसता."

खोलीतला नाच थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. नोलीनचं तोंड उघडं पडलं. मी म्हणालो, "त्याचं काय आहे, डल्सी..."

डल्सीने पांघरूण बाजूला केलं, उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी डोळे मिटायच्या बेतात होतो.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," ती सावकाश म्हणाली, "मी माझ्या घरी बसून पाहिलं की हेरन्स जिंकतात."

"अं?"

"इतकी वर्षं सगळे मला हसले. माझी पोरगीसुद्धा. रॉनसुद्धा! आणि तू, पॉसम्सवाला, तू एकट्याने ते खरं मानलंस. मला खुर्चीतून उठवलं की तुझे जिंकतील, म्हणून थेट छपरावर चढलास. मॅगपाय असताना! मर्विन, तू नालायक आहेस. पण तुझ्यात एवढी धमक असेल असं मला वाटलं नव्हतं."

आणि तिने हात पुढे केला. शप्पथ! लग्नात तिने मला हातात फक्त छत्री धरायला दिली होती. आता सगळ्या गावासमोर ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी माणसं बरोबरीच्या शत्रूकडे बघतात. दुसऱ्या हातात सॉसेज रोलची ताटली होती, तीही तिने माझ्यापुढे केली. मी गप्प राहिलो की काम झालं होतं. मी गप्पच राहणार होतो. मी छाती थोडी पुढे काढली, ओठांवर एक बेरकी हसू आणायचा प्रयत्न केला, आणि हात पुढे नेला.

"मम, काहीतरीच काय!" नोलीन म्हणाली. नवऱ्यावर खोटा आळ आलेला तिला सहन होत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. "त्याच्या डोक्यात कसला आलाय डाव? त्याला ती वाकडी दिसली म्हणून त्याने सरळ केली. आमचीही केली, गेल्या शनिवारी! आणि टीव्ही कशाने गेला ते त्याला आत्ता छपरावर कळलंय. हो ना रे, मर्व?"

डल्सीने माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. माझं बेरकी हसू अर्ध्यावरच होतं. ते पुढे न्यावं की मागे घ्यावं हे मला ठरवता येत नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

तिच्या चेहऱ्यावरचा तो आदर असा ओसरला, की मला तिचीच दया आली. तिने हात मागे घेतला.

"अरेरे," ती म्हणाली. "मला वाटलं, निदान लबाड तरी निघालास."

आणि ताटली तिने बार्नीपुढे सरकवली.